वाइंडरदादांचा कान

मोटरी खोलणारे पुष्कळ असतात. जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरून तिला जिवंत करणारे हात थोडे. आमच्या गल्लीत ते हात वाइंडरदादांचे होते. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू लुळी पडली, वाचाही गेली. दादांची खाट दुकानातच आली आणि वहिनींनी पान्हा हातात घेतला. माझं सायकलचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून, म्हणून हे सगळं डोळ्यांसमोरचं आहे.

दादांची शिकवण्याची तऱ्हाच वेगळी. धडधाकट होते तेव्हाही आधी काही सांगत नसत. "जळू दे एकदा," म्हणत, "धूर नाकात गेला की डोक्यात उजेड पडतो." आता तर बोलणंच सरलं. वहिनी मोटर चालू करत आणि दादा डोळे मिटून ऐकत. बोट वर उठलं की मोटर पास. पंजा हलला की पुन्हा खोला. चूक कुठे, ते वहिनींनी शोधायचं.

पहिली मोटर उलटी फिरली. "वहिनी, अशाने पिठाचे परत दाणे व्हायचे!" गिरणीवाला म्हणाला. दुसरीत खाचेतला कागद फाटला, तार लोखंडाला टेकली आणि दुकान धुराने भरलं. तिसरीत एक कॉइल उलटी जोडली गेली; मोटर फिरली, पण गुरगुरत. पंजा हलला.

"तोंड बंद पडलं, पण तोरा काही उतरत नाही," वहिनी पुटपुटल्या. खाटेवर अर्धे ओठ हसले.

वहिनींना घोर एकच होता. हा कान आहे तोवर शिकणं पुरं व्हायला हवं. दादा तर तेल संपत आलेल्या वातीसारखे बारीक होत चालले होते.

मग गिरणीची मोटर पुन्हा जळून आली. वहिनींनी ती जीव ओतून भरली. चालू केली, तेव्हा माझ्या दुकानापर्यंत कसा संथ, एकसारखा आवाज आला. दादांचा पंजा हलला. वहिनींनी मोटर खोलली, जोड न् जोड तपासला, चूक सापडेना. पुन्हा चालू केली. पुन्हा पंजा.

"अहो, नीट ऐका ना," त्या काकुळतीला आल्या.

पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बांधलं. या वेळी बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. वीज गेली होती. मोटर मुकी पडून होती.

खाटेवर डोळे मिटलेले दादा पंजा हलवत होते. नाही. नाही.

वहिनी बटणावर बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या. गुरगुर मोटरीत नव्हतीच. ती दादांच्या डोक्यात होती. मग त्या खाटेशी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. "सापडली हो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "एक कॉइल उलटी होती. तुम्ही होतात म्हणून कळलं."

बऱ्याच वेळाने दादांचं बोट वर उठलं.

दुपारी वीज आली, मागोमाग गिरणीवाला. मोटर सुरू झाली.

"दादांनी पास केली ना?"

"केली."

"मग बंद करा की. दळण खोळंबलंय तिकडे."

वहिनींनी मोटर बंद केली नाही. मान खाली घालून त्या तिच्याजवळ वाकल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मला ऐकू द्या."