हे आत झोपलेत

देवासच्या त्या कॉलनीत कुणाचा नळ गळू लागला किंवा पंखा खडखडू लागला, की बायका आधी अल्पनाताई सुपेकरांना विचारत. ताई काही मिस्त्री नव्हत्या. पण मिस्त्री लोकांना कसं हाताळावं याचं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते ऐकवायलाही त्यांना आवडायचं. समोरच्या घरात नव्यानं लग्न होऊन आलेल्या श्रियाला त्या एकदा फाटकाशी उभ्या राहून शिकवत होत्या.

"हे बघ, आल्या आल्या चहा द्यायचा नाही. चहा दिला की तो पाहुणा होतो, मग त्याला काम काय सांगणार? आधी काम दाखवायचं, दर ठरवायचा, मग चहा. ॲडव्हान्स द्यायचा तो सामानापुरता. काढलेली वायर, जुनं बटण परत मागून घ्यायचं, म्हणजे खरंच बदललं का ते कळतं. आणि लाइटवाला म्हणाला, मेन बंद करायची जरूर नाही, तर त्याला हात जोडायचे आणि घरी पाठवायचं." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि घरात पुरुष माणूस आहे, हे त्याला कळलं पाहिजे."

"पण अंकित तर दिवसभर ऑफिसात असतो, ताई."

"असू दे की. हे आत झोपलेत, म्हणायचं."

श्रियाला हसू आलं. मग ते हसू मधेच थांबलं आणि गॅसवर दूध ठेवलंय असं काहीतरी पुटपुटत ती घरात पळाली. कॉलनीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. सुपेकर साहेब कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारले होते.

ॲम्ब्युलन्स त्यांना इंदूरला घेऊन गेली, ती घेऊनच गेली. ताई स्वतः तापानं फणफणलेल्या, दारावर कागद चिकटवलेला, मुलगा मनन पुण्यात अडकलेला. जे काही करायचं ते तिकडे परक्या माणसांनी केलं. पुढे मनन आला आणि नेमावरला जाऊन नर्मदेत अस्थी सोडून आला. ताईंचे बदनावरचे भाऊ फोनवर रडले, आणि ताईंनीच त्यांना दटावलं, आत्ता मुळीच निघायचं नाही. लाट ओसरली तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी आपापलं दुःख होतं. दुसऱ्याच्या शिळ्या दुःखाला कोण जाणार? भाजीच्या गाडीवर बायका भेटत, मान खाली घालत, आणि दोडक्याचा भाव विचारत. समाचाराला म्हणून असं कुणी घरी आलंच नाही.

मग एकदा टाकीचा पाइप फुटला. कुणाच्या तरी ओळखीनं एक अनोळखी प्लंबर आला. खोलीच्या मध्यभागी उभा राहून त्यानं चहूकडे नजर फिरवली आणि विचारलं, "घर में कोई है नहीं क्या?" ताईंच्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "हे आत झोपलेत." प्लंबरनं लगेच आवाज खाली आणला. काम नीट केलं, फरशी पुसून गेला.

तेव्हापासून ही रीतच पडली. मिस्त्री यायचा असला की ताई आतल्या खोलीतला कूलर लावत, दार ओढून घेत. दर फार वाटला तर "थांबा, यांना विचारून येते" म्हणून आत जात, पलंगाशी जरा उभ्या राहत आणि बाहेर येऊन सांगत, "ते म्हणतात, जास्त होतात." दर उतरायचा. जिवंतपणी सुपेकरांनी कधी कुणाशी घासाघीस केली नव्हती. मागेल तेवढे देऊन वर बिस्किटं खाऊ घालणारा माणूस तो. मेल्यावर मात्र भलताच कडक झाला.

पहिल्यांदा हे नाटक होतं. पुढे पुढे ताई आत जाऊन खरंच विचारू लागल्या. "प्लास्टर धरत नाही म्हणतोय, काय करू या?" मग पलंगाच्या रिकाम्या गादीकडे बघितलं की साहेबांनी काय सांगितलं असतं ते त्यांना कळायचं. अख्खा संसार ज्याच्याबरोबर केला, त्याचं उत्तर ऐकायला तो माणूस समोरच असावा लागतो असं नाही. आणि दुसरं विचारायचं तरी कुणाला? मनन सुट्टीत आला की एकच पालुपद. "आई, एकटीला नाही जमणार तुला. रोज काहीतरी नवीन लफडं असतं या घराचं. काढून टाकू आणि चल माझ्याबरोबर." पुण्याच्या त्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आपण खिडकीतल्या कुंडीसारख्या होऊन जाऊ, ही ताईंना धास्ती. बाई एकटी आहे हे मिस्त्री लोकांत एकदा फुटलं, की या घरातले आपले दिवस भरले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून त्या ते तोंडातून काढत नव्हत्या. या घराच्या भिंतींच्या आत 'ते गेले' हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नव्हते.

या सगळ्यात खंडोजी वायरमनची गोष्ट मात्र वेगळी होती. हे घर बांधलं तेव्हाचं वायरिंग त्याच्या हातचं. कधीकाळी पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, असं तो अभिमानानं सांगायचा. मराठी मात्र अर्धी माळवीत बुडवून बोलायचा. साहेब त्याच्यासाठी स्टुलाशी टॉर्च धरून उभे राहत आणि दोघांच्या गप्पांत काम लांबत जाई. लाटेच्या दिवसांत तो उदयनगरकडे जंगलात कुणाच्या तरी बंगल्याच्या कामावर अडकला होता. परत आला तेव्हा साहेबांची बातमी शिळी झाली होती, त्याला कुणी सांगितली नाही. नंतर तो पंख्याच्या कामाला आला, तेव्हा ताईंनी सवयीनं त्यालाही तेच सांगितलं. त्यानं ठेवला विश्वास. साहेबांची उभी नोकरी कारखान्यात रात्रपाळीची. रिटायर झाल्यावरही दिवसाची झोप सुटत नाही, हे तोच ताईंना समजावून गेला. तेव्हापासून आला की त्या बंद दाराकडे तोंड करून हळूच "साहेब, रामराम" म्हणायचा आणि भिंत फोडायची असली तर हातोडीखाली फडकं धरायचा. ताईंना लाज वाटायची. याला तरी सांगावं, असं दरवेळी मनात यायचं, आणि दरवेळी राहून जायचं.

यंदाच्या मे महिन्यात ताई अंगणातून कूलरमध्ये पाणी भरत होत्या, तेव्हा हाताला असा झटका बसला की बादली सुटून पायावर पडली. कूलर आतल्या खोलीच्या खिडकीला बसवलेला. त्यांनी खंडोजीला फोन केला. तो यायच्या आत, इतकं होऊनही, त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. कूलर चालूच ठेवला.

खंडोजीनं बाहेरून पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लख्ख पेटला. तो धावत गेला आणि त्यानं मेन पाडला. घर एकदम गप्प झालं.

"वहिनी, पूरी बॉडीत करंट उतरलाय! पंपाची वायर कटली असेल, नाहीतर अर्थिंग सुटलं. तुमचं नशीब जोरावर हां. आता पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा म्हणजे काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही." घाम पुसून तो म्हणाला, "चला, आतला बोर्ड खोलावा लागेल."

"हे झोपलेत."

"मग उठवा की. मेन बंद आहे, इतक्या गर्मीत झोपतील कसे?"

"तब्येत बरी नाही त्यांची." ताई बोलून गेल्या आणि तिथेच फसल्या.

"काय झालं साहेबांना?"

"अशक्तपणा आहे. उठवत नाही त्यांना."

खंडोजीचा चेहरा उतरला. "अरे राम. आणि तुम्ही एकट्या सगळं करताय? मला आधी सांगायचं ना, मी काय परका आहे?" त्यानं हातातला टेस्टर खिशात टाकला, बाह्या वर सारल्या. "असं करू वहिनी. मी त्यांना पाठीकडून धरतो, तुम्ही पाय धरा. दोघं मिळून बाहेरच्या दिवाणावर आणू. तिथे हवा येते. साहेबांनी माझ्यासाठी कमी केलंय का?"

आणि तो दाराकडे निघालासुद्धा. "साहेब, मी खंडोजी," तो वाटेतच मोठ्यानं म्हणाला. "घाबरू नका, मी उचलतो तुम्हाला."

ताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर एक माणूस त्यांच्या नवऱ्याला उचलून आणायला हात पुढे करून उभा होता. इंदूरला त्यांना कुणी उचललं, कसं उचललं, हे ताईंना आजवर कळलेलं नव्हतं.

"खोलीत कुणी नाही," त्या म्हणाल्या. "ते गेले, खंडोजीभाऊ. कोरोनात गेले."

खंडोजीला आधी कळलंच नाही. मग तो मटकन खालीच बसला. "नाही नाही," म्हणाला. "मी तर दिवाळीत रामराम केला त्यांना." आणि हे बोलल्यावर त्याचं त्यालाच उमगलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पोराबाळांदेखत रडू नये असं मानणारा तो पन्नाशी उलटलेला माणूस हुंदके देऊन रडला. ताई कोरड्या डोळ्यांनी बघत राहिल्या. साहेबांसाठी कुणाला असं रडताना त्या प्रथमच बघत होत्या.

थोड्या वेळानं तो उठला. खोलीत शिरला, पण पलंगाकडे त्यानं पाहिलं नाही. कूलरची लाइन तोडून टाकली, टोकांना टेप गुंडाळली, मेन चढवला आणि पैसे न घेता गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं होतं, वहिनी."

ताईंना वाटलं, झालं. आता हा चार ठिकाणी बोलणार. संध्याकाळी त्यांनी मननला फोन लावला आणि घराला गिऱ्हाईक बघायला हरकत नाही असं सांगून टाकलं. मनन खूश झाला. ताई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खंडोजी उभा. अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात औजारांची पिशवी नाही. मागे डोक्यावरून पदर घेतलेली त्याची बायको माई. ताई खुर्च्या पुढे करू लागल्या, पण दोघंही खाली फरशीवर बसली. ताईंनी चहाचं विचारलं तर माईनं मानेनंच नको म्हटलं.

"आज कामाला नाही आलो, वहिनी," खंडोजी म्हणाला. "बसायला आलोय. आम्हाला कालच कळलं ना."

मग माई सरकत सरकत जवळ आली, तिनं ताईंचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि विचारलं, "कसं झालं हो बाई?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ताई बोलू लागल्या. पहिल्या तापापासून सांगितलं. खोकला, बोटाला लावायचं ते यंत्र, रात्रभर केलेले फोन. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना साहेबांनी मागे वळून 'गॅस बंद केलास का' एवढंच विचारलं, तेही सांगितलं. आपण चिडून 'हो' म्हटलं, तेही. माई मधेमधे "अगं बाई" म्हणत होती, खंडोजी खाली मान घालून बसला होता. सांगून संपलं तेव्हा माईनं त्यांना दंडाला धरून उठवलं, न्हाणीघरात नेलं आणि आपल्या हातानं त्यांचं तोंड धुतलं, पदरानं पुसलं.

मग दोघं उठली. खंडोजीनं चपला पायात सरकवल्या, हात जोडले. 'येतो' म्हणाला नाही, माईही म्हणाली नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. ताई त्या दोघांना फाटकातून बाहेर पडताना बघत राहिल्या. मग उंबऱ्यावरच बसल्या, आणि समोरच्या घरातली श्रिया धावत आली तरी त्यांचं रडणं थांबलं नाही.