चिलीम न देणारा बाबा

विहिरीची दरड अंगावर पडल्यापून माझे मालक शेजारच्या टीव्हीच्या आवाजाला बी दचकायचे. लोकं म्हणली, गांजानं भ्या जातं. म्हणून नारायणगडाच्या जत्रंत त्यांला एका गोसाव्याकडं नेलं. तो ओल्या फडक्यानं चिलीम पुसत बसलता.

"बाबा, ह्यांला दोन झुरके द्या."

जत्रंतल्या ढोलाला मालक दचकले ते बघून त्यानं चिलीम मांडीखाली सारली.

"न्हाई माई. निवांत मानसाला ह्यानं बरं वाटतं, भ्यालेल्याचं भ्या अजून वाढतं. मीबी भिऊनच वढली व्हती, तर सावलीला दगडं मारत सुटलो."

मालक हसले. "पळाली का सावली, बाबा?"

"कुठली पळती! बस, तुजं सांग."

दरडीखाली काय झालं ते मालकांनी मला कदी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. म्या शेजारी बसून ऐकलं.

परतताना जीपीत मालकांना झोप लागली. म्या वाटभर त्या बाबाला हात जोडत आले.