अर्धा किलोचं वजन आणि माझं पिस्तूल

हवालदार मामांच्या खिशात कायम अर्धा किलोचं लोखंडी वजन असायचं. त्यामुळे त्यांचा सदरा उजवीकडे ओढलेला दिसायचा आणि त्यांच्याच किराणा दुकानात अर्धा किलो काही मिळायचं नाही. मामी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "एक किलो घेजा, नाही तं पाव-पाव दोनदा घेजा. अर्धा किलो गेला बंदुका शिकवाले." आमच्या तिरोडा गावात पाठीमागे त्यांचं नावच पडलं होतं, अर्धा किलो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मामा फौजेतून हवालदार होऊन परतले. दुकानामागच्या धानाच्या गोदामात त्यांनी पोती एका अंगाला लावली, बरोबर दहा मीटर मोजून रेघ मारली आणि समोर जुन्या गोणपाटांच्या थप्पीवर टार्गेटचा कागद टाचला. झाली रेंज. सामानात एक जुनी हवेची रायफल आणि नेमबाज मित्राकडून अधूनमधून मागून आणलेलं हवेचं पिस्तूल. पिस्तुलाच्या स्पर्धेत एक नियम असतो. ट्रिगरला अर्धा किलो वजन टांगलं तरी तो सुटला नाही पाहिजे. सुटला तर पिस्तूल बाद. म्हणून ते वजन आणि सुतळीचा तुकडा मामांच्या खिशात राहायचा.

मी पवारांच्या घरची, शेतकऱ्याची पोर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही, उलट मान ताठ होते. २००६ साली मी शेवटच्या वर्षाला होते आणि मामांच्या रेंजवर मागून आणलेल्या पिस्तुलावर शिकत होते. हिवाळ्यात नागपूरला विद्यापीठाच्या नेमबाजी संघाची निवड चाचणी होती आणि माझी ती शेवटची संधी होती. अट एकच, पिस्तूल स्वतःचं हवं. कॉलेजला जायला बाबांनी जुनी स्कूटी घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. मी म्हटलं, स्कूटी नको, तेवढ्या पैशात बसेल असं पिस्तूल द्या.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "काऊन वो? कोनाले मारून रायली?"

"कागदाले मारतो, बाबा."

गावभर झालं. चुलत काका अंगणात येऊन म्हणाले, "पोरीले बंदूक घेऊन देऊन रायला का? तिले पाहाले पाव्हणे येतीन का पोलीस?" दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सायकल काढून थेट मामांच्या दुकानात गेले. मामांनी त्यांना समजावलं, की हे हवेचं आहे, परवान्याची भानगड नाही. बाबांनी फक्त विचारलं, "पोरीच्या हातात आहे का काही?" मामा म्हणाले, "हात आहे. पिस्तूलच नाही." त्यावर बाबा कबूल झाले.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही तिघं नागपूरला गेलो. दुकानदाराने आधी एक काळंभोर, चकचकीत, जडशीळ पिस्तूल काढलं. माझा जीव तिथंच अडकला. इतकं देखणं काही मी आयुष्यात हातात धरलं नव्हतं! मामांनी खिशातून वजन काढलं. दुकानदार हसला, "हवालदार साब, आटा तोलने आये हो क्या?" मामांनी नळी वर धरली आणि सुतळीने वजन ट्रिगरला टांगलं. काही झालं नाही. मग त्याच सुतळीला दुकानदाराच्याच छऱ्यांचे डबे एकेक करून बांधत गेले. चौथा डबा लटकला तरी ट्रिगर ढिम्म. "हे ओढता ओढता पोरीचं मनगट हलन. नेम कुठं रायते मंग?"

दुसरं विलायती होतं, गॅसच्या नळकांडीवर चालणारं. लोण्यासारखा ट्रिगर. मी आशेने मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आणि नळकांडी कुठं भरशील? आपल्या बोदलकशाच्या तलावावर?" बाबा इतके हसले की दुकानदारानं त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

तिसरं कपाटाच्या तळाशी फडक्यात होतं. कुणा नेमबाजानं वापरून विकलेलं, रंग उडालेलं. बाजूचा दांडा एकदा ओढला की एका गोळीपुरती हवा भरायची, बस्स. "ये तो म्युझियम का माल है," दुकानदार म्हणाला. मामांनी वजन टांगलं. ट्रिगर थांबला. वजनावर त्यांनी आपली काडीपेटी ठेवली. टक्! सुटला. मामांचे डोळे असे चमकले की मला समजलं, हेच.

"आता डोळे मिट," ते म्हणाले. "हात उचल. उघड. कुठं पाहून रायलं ते?" मी समोरच्या घड्याळाकडे नेम धरला होता, पण नळी उजवीकडे कॅलेंडरवर गेली होती. पिस्तुलाची लाकडी मूठ माझ्या पंजाला मोठी होती. माझं तोंड उतरलं. मामा म्हणाले, "लोखंड चांगलं पाहून घ्यावं लागते पोरी. लाकूड तं आपल्या घरचं काम हाये."

घरी येताच ते गावच्या सुताराकडून मूठ तासून घ्यायला लागले. रोज संध्याकाळी मी पंजा धरायचा, मामांनी पेन्सिलीची खूण करायची, सुतारानं कानस मारायची. आठ दिवसांनी ती हातात अशी बसली की जणू माझ्याबरोबरच जन्मली असावी. डोळे मिटून हात उचलला की काळा ठिपका समोर हजर. मी नाचले होते त्या गोदामात, पोत्यांसमोर.

आणि इथंच आमची चूक झाली. ते दिवस रोवण्याचे होते. कॉलेजात असले तरी मी घरच्या बांधीत दिवसभर चिखलात वाकून धान लावत होते आणि संध्याकाळी तोच हात घेऊन मामांकडे जात होते. पाण्यानं फुगलेला, बोटं सुजलेला हात. मूठ त्या हाताची झाली. हिवाळा आला, थंडीनं हात सुकून मूळचा बारीक झाला, आणि चाचणीला तीन दिवस असताना नळी पुन्हा भटकायला लागली. दोन दिवस मी मुकाट्याने स्वतःलाच शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी मामांनी माझा पंजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मी रोवण्याचा हात मोजला वो," ते म्हणाले. "चूक माझी."

फौजेतल्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. बाहेरून मामी म्हणाली, "तासलेलं लाकूड काही वाढत नाही. लाख लावा ना!" आणि ती स्वतःच कासाराकडून बांगड्यांची लाख घेऊन आली. मामांनी निखाऱ्यावर ती पातळ केली, भुसा मिसळला आणि मुठीवर थापली. थोडी निवल्यावर मी हात ओला करून मूठ धरली. चटका बसला. "सोडजो नोको!" ते ओरडले आणि माझी करंगळी आपल्या अंगठ्यानं दाबून धरली, अर्धा अंगठा लाखेत रुतवून, लाख घट्ट होईपर्यंत.

चाचणीत पंचांनी माझ्या पिस्तुलाला वजन टांगलं तेव्हा मला हसू आवरेना. नेमबाजी मात्र हसण्यासारखी नव्हती. शेवटची गोळी उरली, वेळ मिनिटभर, आणि नळी ठिपक्यावर थांबेना. मामा नेहमी म्हणायचे, "नाही वाटलं तं मारू नोको. हात खाली घे." सगळं अंग 'मार' म्हणत होतं. मी हात खाली घेतला. एक श्वास. पुन्हा उचलला. दहा! यादीत माझं नाव सगळ्यांत शेवटी होतं, पण होतं. त्या संध्याकाळी मामांनी खिशातलं वजन स्वतःहून तागडीत ठेवलं आणि अर्धा-अर्धा किलो बत्तासे मोजून अख्ख्या गल्लीत वाटले. पहिला पुडा चुलत काकांना.

पुढे मी अर्जुनी मोरगावला शिक्षिका झाले. मामा गेल्याचं कळलं तेव्हा परीक्षा चालू होत्या; मी तेराव्यालाच पोहोचू शकले. दुकानात बॅटरीचा काटा आला होता. मामीनं वजन माझ्या हातात ठेवलं. "घेऊन जा. इथं आता अर्धा किलो मिळते."

आता शाळेतल्या मुली रविवारी माझ्याकडे शिकायला येतात. कुणाला पिस्तूल घ्यायचं असलं की मी पर्समध्ये वजन टाकून दुकानात सोबत जाते. हसतात दुकानदार, हसू देत. मुलींना मी एकच गोष्ट नक्की विचारते, घरी रोवणा आटपला का?

मधे एकीनं माझं जुनं पिस्तूल हातात घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, इथं खाली खड्डा आहे. घासून सारखा करून देऊ का?"

करंगळीच्या बाजूला, लाखेत, मामांचा अंगठा आहे. रेघा अजून दिसतात.

"राहू दे," मी म्हटलं. "मूठ त्यानंच धरलेली आहे."