चंद्रीचं डोहाळजेवण आणि आमचे तायडे सर

डॉ. भगवंतराव तायडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या गोठ्यात उभं राहून म्हशीचं खनिज मिश्रण चाटत होते. ही भुकटी विषारी असणार, अशी सासूबाईंची खात्री होती. सरांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मीठ जरासं कमी आहे."

सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर मोठी माणसं लिहितीलच. मी चांदूर बाजारजवळच्या एका गावातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष आहे, तेव्हा मी आपलं गोठ्यातलं लिहिते.

अकोल्याला शिकलेले सर तेव्हा आमच्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात नुकतेच बदलून आले होते. आमची चंद्री ही माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली म्हैस. सासरी माझ्या हक्काचं असं तेवढंच एक माणूस होतं. पहिल्या वेताला, रेडकामागून पडायची ती वार तिच्या पोटातच अडकली, ती खंगली आणि पुढे कितीतरी महिने माजावरच आली नाही. आता कशीबशी पुन्हा गाभण राहिली होती. यंदा तसंच झालं तर चंद्रीला बाजार दाखवायचा, असं सासूबाईंनी घरात जाहीर केलं होतं. मी गोठ्यात जाऊन रडायचे आणि चंद्री माझ्या पदराचं टोक चघळायची.

आमच्याकडची रीत अशी, की म्हैस आटली की तिची सरकीची ढेपही बंद, नुसतं कुटार, म्हणजे वाळला भुसा. पोटात रेडकू वाढतंय, तेव्हाच तिला खरं खाणं लागतं, हे सरांनी परोपरीने सांगितलं. तांबं, जस्त, फॉस्फरस, सगळं सांगून झालं. सासूबाई ढिम्म.

"दूध देनं बंद केलं न तिनं! मंग ढेप कायले? कुटार पुरे."

तेवढ्यात बाळंतपणासाठी आलेली माझी नणंद हातात तुपाचा लाडू घेऊन ओसरीवर आली. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "वहिनी, पोरगी दूध देऊन राहिली काय?"

"काय बोलून राहिले तुमी, डॉक्टरसायेब!"

"नाही न? मंग तिले लाडू कायले? तिलेही कुटार द्या."

मी पदर तोंडात कोंबला. सासूबाई लालबुंद झाल्या. "मंग आता म्हशीचंही डोहाळजेवन करू काय?"

"करा," सर म्हणाले. "मी येतो."

आणि खरोखरच आले. स्कूटरच्या पुढ्यात खनिज मिश्रणाची पिशवी, खिशात नारळ आणि हातात हिरवा खण. डॉक्टर खण घेऊन आलेत म्हटल्यावर सासूबाईंना माघार घेता येईना. आळीतल्या बाया जमल्या, चंद्रीच्या शिंगांना हळदकुंकू लागलं, गाणी झाली. सगळं रीतसर चाललेलं असताना चंद्रीने पाठीवरचा खण ओढून तोंडात घेतला. सरांनी कोपरापर्यंत हात घालून तो बाहेर ओढला, धुतला, झटकला आणि पुन्हा तिच्या पाठीवर ठेवला. मग एका काकूंनी पुरणपोळ्यांचं अख्खं ताट पुढे सरकवलं, तेव्हा मात्र सर ओरडले. "एकदम एवढं घालू नका, पोट फुगन तिचं! रोज थोडी ढेप आणि त्यात ही भुकटी. बस!"

चारचौघींसमोर ओटी भरलेल्या म्हशीला दुसऱ्या दिवशी नुसतं कुटार टाकायचं म्हणजे गावात नाक कापून घेणं. सरांना नेमकं हेच माहीत होतं. सासूबाई रोज ढेपेत भुकटी कालवू लागल्या. आधी चिडून, मग सवयीने, मग चंद्रीशी गप्पा मारत.

चंद्री व्याली, वगार झाली, म्हणजे मादी रेडकू. सर रजेच्या दिवशीसुद्धा येऊन बसले होते. त्यांचा चहा संपायच्या आत वार आपोआप पडली. सासूबाईंनी सरांच्या कपात पुन्हा चहा ओतला. मला इतका आनंद झाला, की मी सरांच्या पाया पडायच्या ऐवजी चंद्रीच्या पडले. पुढे ती वेळेवर माजावर आली, आणि म्हशीचा तो मुका, वरून न दिसणारा माज पहिल्यांदा ओळखला कोणी, तर सासूबाईंनी!

आज आमच्या गावात गाभण म्हशीचं डोहाळजेवण झाल्याशिवाय राहत नाही. तिथे पहिला मान सासूबाईंचा. खण मात्र आता लांब धरतात.

परवा सरांच्या पत्नीचा अकोल्याहून फोन आला. डॉक्टरांनी सरांना हाडांसाठी गोळ्या दिल्या आहेत आणि सर त्या घेत नाहीत. म्हणतात, "मी निवृत्त माणूस. मला आता कशाला हवं ते?"

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. "मीबी असंच म्हनत होती," त्या म्हणाल्या. "चंद्री गेलीच असती."

सर, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, असं आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटतं. पण नुसतं वाटून भागत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून अमरावतीच्या तुमच्या पंचाहत्तरीच्या सत्काराला सासूबाई स्वतः येत आहेत. शाल-श्रीफळ संयोजक देतील. सासूबाईंच्या पिशवीत हिरवा खण आहे, तुपाचे लाडू आहेत आणि तुमच्या पत्नीकडून मागवलेल्या तुमच्या गोळ्या आहेत. व्यासपीठावर, चारचौघांसमोर, त्या तुमची ओटी भरणार आहेत.