चामड्याच्या बाईचं बाळंतपण

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि आता खेड्यापाड्यातली माणसं नीट जन्माला यावीत, असं सरकारच्या मनात आलं होतं. त्यासाठी मुरूडच्या अलीकडे, कोळीवाड्याला लागून, आमचं आरोग्य केंद्र उघडलं. केंद्रात एक डॉक्टर होते, ते बहुतेक वेळ अलिबागला मीटिंगमध्ये असत. एक नर्सबाई होत्या. आणि मी कंपाउंडर, म्हणजे तीन रंगांची औषधं पाण्यात कालवणारा.

नर्सबाई साताऱ्याकडच्या, पंचविशीतल्या आणि हंगामी. दर सहा महिन्यांनी त्यांची नेमणूक संपे आणि पुन्हा सुरू होई. त्या वर्षी जिल्ह्याहून कळवण्यात आलं, की गावच्या सुईणींना प्रशिक्षण देऊन परीक्षेत पास करून दाखवलं तर बाईंना कायम करू. नाही जमलं तर मार्चनंतर नेमणूक होणार नाही. बाईंना भावाच्या घरी परत जायचं नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सुईणी सात होत्या, पण खरी एकच. बाकीच्या सहा जणी तिच्या तोंडाकडे बघून हो किंवा नाही म्हणत. ही म्हातारी कोळीण होती. निम्मा कोळीवाडा तिच्या हातावर जन्माला आला होता आणि उरलेल्या निम्म्याला ती अजून नावं ठेवी. बाई रोज संध्याकाळी तिच्या अंगणात जाऊन बसल्या, सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलले, तेव्हा कुठे पंधरवड्याने ती म्हणाली, "येते गो बाय. तुजं काय अडलंय ते होऊन जाऊ दे."

प्रशिक्षण द्यायला जिल्ह्याचे मोठे साहेब आले. साहेब सहा महिने परदेशात राहून आले होते आणि त्यानंतर त्यांना आपल्याकडचं काहीच आवडेनासं झालं होतं. त्यांच्याबरोबर एक पेटी होती. पेटीत चामड्याची बाई. बाई म्हणजे कमरेपासून मांड्यांपर्यंतचीच. सरकारला तेवढीच लागत होती. तिच्या पोटात रबरी मूल, त्याला दोरीची नाळ. पेटीची पूजा झाली, नारळ फुटला, सरपंचांनी साहेबांना हार घातला आणि चुकून एक चामड्याच्या बाईलाही घातला.

सहा दिवस वर्ग चालला. कोळणी बाजार उरकून दुपारी येत, पाट्या दाराबाहेर ठेवत आणि चहा-पाव येईपर्यंत शांत बसत. साहेब नाकाला रुमाल लावून शिकवत. सोमवारी स्वच्छता झाली. मंगळवारी साहेब राष्ट्राच्या उभारणीवर बोलले. दोन तास बोलले. बाळंतपणाचा उल्लेख त्यात एकदाच आला, तोही देश नव्या युगाला जन्म देतो आहे अशा अर्थाने. बुधवारी ते जंजिरा बघायला गेले. उरलेल्या दिवसांत नर्सबाईंनी हात धुणं, कात्री उकळणं आणि नाळ बांधणं शिकवलं, आणि साहेब मागे बसून मान डोलावत राहिले.

शनिवारी परीक्षा. साहेबांना साळावच्या खाडीवर जीप पार नेणारी शेवटची तर गाठायची होती, म्हणून जीप आधीच दाराशी लावून ठेवली होती. पहिली म्हातारी. तिने हात कोपरापर्यंत धुतले, पदर खोचला आणि चामड्याच्या बाईपुढे मांडी घालून बसली. रबरी मूल अगदी अलगद बाहेर काढलं, उलटं धरून पाठीवर थोपटलं, फडक्यात गुंडाळलं. साहेब खूश झाले.

"छान. आता नाळ कापा."

म्हातारी हलली नाही.

"कापा, कापा. कात्री तिकडे आहे."

"वार पडली न्हाय अजून," म्हातारी म्हणाली.

कोळीवाड्यात वार, म्हणजे मुलाला पोटात पोसणारा नाळेच्या टोकाचा गोळा, पडल्याशिवाय नाळेला कात्री लावत नसत. मूल, नाळ आणि वार एकत्रच मोकळी व्हायची, मग कापाकापी. शिकवायच्या पुस्तिकेत उलटं होतं: आधी नाळ, मग वार. आणि सरकारी बाईच्या पोटात वार शिवलेलीच नव्हती.

"पडली असं समजा," साहेब म्हणाले.

"समजून नाळ कापीत न्हाईत, सायब."

"अहो, या बाईला वार नाहीच आहे."

"मंग पोर जगलं कशावर?"

मागच्या सहा जणींनी माना हलवल्या. म्हातारी तशीच बसली, एक हात चामड्याच्या पोटावर ठेवून. साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. हिने नाळ कापली नाही तर बाकीच्याही कात्रीला हात लावणार नव्हत्या, आणि सातच्या सात नापास म्हणजे बाईंचा मार्च ठरलेला होता.

नर्सबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "वार करून द्या."

नोकरीत मला अनेक गोष्टी करायला सांगितल्या गेल्या, ही त्यातली सगळ्यात अवघड. मी टेबल पुसायचं फडकं घेतलं, टरकावून गोल केलं, आत कापूस भरला आणि जखमेवरच्या लाल औषधात बुडवून काढलं. नर्सबाईंनी पाठमोऱ्या होऊन नाळेची दोरी त्याला बांधली आणि ते चामड्याच्या पोटात सरकवलं.

म्हातारीने पोट हलकेच चोळलं. ओढलं मात्र नाही. वार आपोआप आल्यासारखी बाहेर घेतली. मग दोन्ही तळहातांवर पसरून खिडकीकडे नेली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पुरी न्हाय ही. हितला तुकडा आत रायला," ती म्हणाली. मी घाईत टरकावलेली कड होती ती. "बाई जाईल. होडी काडा, दवाखान्यात न्या हिला."

दोघीजणी खरंच उठल्या.

"बाई चामड्याची आहे," साहेब म्हणाले.

"असू दे. कुनाची तरी लेक हाय," म्हातारीने सांगितलं.

साहेबांनी सुईणींसाठी छापलेली पुस्तिका चाळली. वारेबद्दल त्यात एकच ओळ होती: खड्ड्यात पुरावी. तपासायची कशी, तुकडा राहिला तर काय, याबद्दल अक्षर नव्हतं. पुस्तिकेवर लेखक म्हणून साहेबांचंच नाव होतं.

त्यांनी पुस्तिका मिटली आणि नर्सबाईंकडे वळले. "सिस्टर, तुम्हीच सांगा. क्रम चुकला आहे. पास की नापास?"

प्रश्न सरळ होता आणि त्याची दोन्ही उत्तरं बाईंना घरी पाठवणारी होती. नापास म्हटलं तर प्रशिक्षण फुकट. पास म्हटलं तर साहेबांचं पुस्तक चूक. बाईंनी म्हातारीच्या हातातलं लाल फडकं घेऊन साहेबांपुढे धरलं.

"क्रम चुकला, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमचाच क्रम बरोबर. पण वार पुरी आहे का ते बघायचं, हे तुम्ही सांगितलेलं यांनी बरोबर लक्षात ठेवलं."

"मी सांगितलेलं?"

"मंगळवारी. बोलण्याच्या ओघात."

साहेब आढ्याकडे बघून आठवू लागले. मंगळवारी आपण काय बोललो हे त्यांनाही धड माहीत नसावं. ऐकणाऱ्यांना तर नव्हतंच. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला आणि साहेबांना आठवलं.

"हो, हो. ओघात आलं होतं खरं," ते म्हणाले आणि सातही नावांपुढे पास लिहून जीपमध्ये बसले.

धूळ बसल्यावर म्हातारी हात पुसत बाईंना म्हणाली, "मंगलवारी तर त्यो झेंड्याचं बोलत व्हता ना गो?"

बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मार्च संपायच्या आत बाईंच्या कायम नेमणुकीचा कागद आला. साहेबांच्या मार्गदर्शनाचा सुईणींवर विलक्षण परिणाम झाला, असा शेरा त्यावर होता. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत वार तपासण्यावर अख्खं पान आलं. खाली साहेबांचं नाव.

कागद घेऊन बाई कोळीवाड्यात गेल्या. औषधं पोचवायची म्हणून मीही बरोबर होतो. म्हातारी अंगणात जवळा पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट बघितला.

"म्हंजे आता तुला कोन काडीत न्हाय?"

"बदली करतील. काढणार नाहीत."

"मंग आता भ्यायचं काम न्हाय. आता खरं सांग, त्या सायबानं वारंचं कवा शिकवलं?"

बाईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, पर्सचा खटका नीट लागला की नाही ते बघितलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी."