शंकाताई आणि लाल चौकट

आमच्या वॉर्डात तिला सगळे शंकाताई म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. सलाईन चालू आहे हे दिसत असलं तरी ती नळीला हात लावून बघणार. पेशंट म्हणाला "जेवलो", की ही ताटात डोकावणार. मी तिच्याबरोबर कितीतरी वर्षं नर्सिंग करते आहे, पण मी हात धुतले यावरही तिचा पूर्ण विश्वास नाही.

अशा बाईच्या पुढ्यात कॉम्प्युटर आला! खाटेला टांगलेले केसपेपर गेले आणि चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेले स्क्रीन आले. पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, औषध स्कॅन करायचं आणि स्क्रीनने होकार दिला की मग द्यायचं. शंकाताईने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "हा डबा सगळ्यांचं ऐकतो, म्हणजे हा कोणाचाच नाही."

डॉक्टरांवर तर तिचा आधीपासूनच संशय होता. आमचा चष्मेवाला डॉक्टर राउंडला आला की पेशंटकडे कमी आणि स्क्रीनकडे जास्त बघायला लागला. ही त्याच्या पाठीमागे उभी. "कालचंच उचलून आज चिकटवतोय मेला," असं माझ्या कानात कुजबुजायची. तेही खोटं नव्हतं. आदल्या दिवशी टाके काढलेल्या माणसाच्या नावापुढे "टाके कोरडे" असं मी स्वतः वाचलंय. पण त्या पोराचीही दया यायची. "सिस्टर, मी डॉक्टर झालो की टायपिस्ट?" असं तो एकदा वैतागून म्हणाला होता.

त्यात त्या लाल चौकटी. औषधात काही धोका असला की स्क्रीनवर लाल चौकट उघडते. चांगली गोष्ट आहे. पण ती ऊठसूट उघडते. पेशंटची उंची लिहिलेली नाही, चौकट. गोळी पाण्याबरोबर घ्यावी, चौकट. एका दाढीवाल्या आजोबांच्या नावावर तर "गरोदरपणात देऊ नये" अशी चौकट आली होती. रोज इतक्या वेळा लांडगा आला रे आला झाल्यावर कोण वाचतंय? चौकट आली की खालचं "पाहिलं" दाबायचं आणि पुढे जायचं. डॉक्टर दाबतात, आम्हीही दाबतो. शंकाताई म्हणायची, "तुम्ही दाबत असाल. मी वाचते."

आणि मग तिची थोरली जाऊ आमच्याच वॉर्डात दाखल झाली, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी.

दोघींचं बोलणं कधीचंच तुटलेलं. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात सगळी सेवा जाऊबाईंनी केली होती. सासूबाई गेल्या आणि हिने भरल्या घरात विचारलं, "गोळ्या खरंच वेळेवर दिल्या होत्या ना?" जाऊबाई म्हणाल्या, "दिल्या." त्यानंतर त्यांनी हिच्याशी अबोला धरला. शंकाताईचं म्हणणं, नुसतं विचारलं तर एवढं काय झोंबलं? मला विचाराल तर ती जीभ चावायची वेळ होती. पण हिला सांगणार कोण?

जाऊबाईंना एका इंजेक्शनची ॲलर्जी होती. पूर्वी एकदा त्याने घसा सुजून त्या मरता मरता वाचल्या होत्या. दाखल होताना शंकाताई चष्मेवाल्याच्या मानगुटीवर बसली. "माझ्यासमोर लिहा. सेव्ह करा. आता पुन्हा उघडून दाखवा." त्याने मुकाट्याने दाखवलं. तरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "याचा भरवसा नाही, तूही नजर ठेव. इथे यांना काही झालं ना, तर सासरचे सगळे म्हणतील, हिने डाव साधला."

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंना ताप चढला. वॉर्ड गच्च भरलेला, त्यात एक सिस्टर रजेवर. मी शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करत होते. शंकाताई ट्रॉली ढकलत आली. तिने पट्टा स्कॅन केला, डॉक्टरने लिहून दिलेलं इंजेक्शन स्कॅन केलं. लाल चौकट उघडली. तिने बोटाने "पाहिलं" दाबलं, चौकट मिटली आणि तिने सिरिंज उचलली.

"ते लाल काय होतं?" जाऊबाईंनी विचारलं. इतक्या वर्षांनंतर त्या तिच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या.

"काही नाही. येतच असतं."

"वाच."

"अहो वहिनी, हे रोजचंच—"

"मोठ्याने वाच."

कपाळाला आठ्या घालत शंकाताईने चौकट परत उघडली. वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मी मान वळवून पाहिलं. तेच औषध होतं. कंपनीने बाटलीवर नाव दुसरं दिलं होतं, आत औषध तेच. लिहिताना चष्मेवाल्यालाही चौकट आली असणार आणि त्यानेही ती दाबली असणार.

सिरिंज तिच्या हातात तशीच होती. मी जाऊन ती काढून घेतली. मग चष्मेवाल्याला हाक मारली.

डॉक्टर धावत आला, त्याने औषध बदललं आणि गोरामोरा होऊन माफी मागितली. आता ही त्याची सालटी काढणार म्हणून मी वाट बघत राहिले. ती स्क्रीनवरच्या त्या "पाहिलं"कडेच बघत होती. तो खाली मान घालून निघून गेला.

जाऊबाई उशीला टेकून तिच्याकडे रोखून बघत होत्या. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. रोज शंकाताई आमच्याकडे तशीच बघते.

"मुद्दाम देत होतीस?"

"नाही हो वहिनी! देवाशपथ नाही. बोट सवयीने गेलं." शंकाताई रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "माझ्यावर विश्वास ठेवा."

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "मीही तेव्हा 'दिल्या' म्हटलं होतं."

पेशंटच्या खाटेवर बसायची वॉर्डात कोणाची टाप नसते, शंकाताई बसू देत नाही. ती आता खाटेवर बसली आणि तिने जाऊबाईंचा पट्टा बांधलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"दिल्या होत्या वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही दिल्याच होत्या."