घोडेगावच्या विहिरीतलं कासव

नगरहून घोडेगावला पोचलो तेव्हा जनावरांचा बाजार भरला होता. दुष्काळाचं साल, बरगड्या मोजता येतील अशा गाई, आणि घेणारा विरळा. दाजींची वस्ती तिथून दोन मैल. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, उरलेली वाट अनवाणी चाललो.

बहिणीनं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे उकडलेले वळे) वाढले. ओसरीवर ओल्या गोणपाटाखाली घमेल्यात कासव होतं. विहीर बांधली तेव्हा दाजींच्या वडिलांनी ते पाण्यात सोडलेलं. कासवानं पाणी स्वच्छ राहतं, अशी इकडे समजूत आहे. पण गेल्या महिनाभरात विहिरीतले मासे अंगावर लाल चट्टे येऊन मरू लागले. विहिरीचे निम्म्या हिश्श्याचे वाटेकरी आबा कासवाला नदीत टाका म्हणत होते. नदीत नुसती वाळू होती. दाजींनी विहिरीतले काही मासे आणि कासवाच्या तोंडात फिरवलेला कापसाचा बोळा पुण्याला माझ्याकडे आणला होता. प्रयोगशाळेतल्या माझ्या स्नेह्यानं ते सगळं तपासलं, आणि मी उत्तर घेऊन आलो होतो.

आबा आले. मी सांगितलं, मासे आणि कासव दोन्हींत एकाच नावाचा जंतू निघाला.

"बगा," आबा दाजींना म्हणाले.

"नाव एक, वाण निराळा," मी म्हणालो. "खिलार आन् डांगी, दोन्ही गाईच ना? कासवातला वाण वेगळा आहे. मेलेल्या तीन माशांत जो वाण निघाला, तोच आबा, तुम्ही नदीतून आणलेल्या माशात सापडला. एवढेच मासे तपासले, याहून जास्त मी सांगत नाही."

मासे मरू लागण्याआधी, नदीतला शेवटचा डोह आटताना आबांनी तडफडणारे मासे हंडीत घालून विहिरीत सोडले होते; त्यांतलाच एक दाजींनी पुण्याला आणला होता.

"म्हंजे म्या पुन्य करायला गेलो आन् मरन आनलं," आबा म्हणाले.

"तुमाला काय ठावं, आबा," दाजी म्हणाले. "कासव तर हाय."

आबांनी स्वतःच घमेलं उचललं आणि पायऱ्या उतरले. कासवानं मान काढली, अंदाज घेतला आणि ते पाण्यात सरकलं. मेलेले मासे काढून पुरायचे, पाणी उकळून प्यायचं, असं ठरलं. त्या दिवशी दाजी पोटभर जेवले. बहीण म्हणाली, आठवडाभर त्यांचं अन्नावर मन नव्हतं.

परतीच्या गाडीत उघड्या माळाकडे बघताना मला फार हलकं वाटलं. पाऊस नव्हता, विहिरीत पाणी वाढलं नव्हतं, तरीही. स्नेह्यानं पहिल्या खेपेला फक्त जंतूचं नाव सांगितलं होतं. तेवढ्यावर मी निघणार होतो. वाण तपासून होईपर्यंत त्यानंच अजून थोडं थांबायला लावलं. नुसतं नाव घेऊन आलो असतो, तर कासव त्या तापल्या वाळूत गेलं असतं.